आक्कांची खोली : रायबाग तालुक्यातील एका धर्मशाळेतील नामकरणाचे प्रकरण

रायबाग तालुक्यातील एका गावात, रेल्वे स्थानकाकडून गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बांधलेली एक धर्मशाळा आहे. तिचा जीर्णोद्धार करून तिथे यात्री निवास सुरू करण्याचे विश्वस्त मंडळाने ठरवले, तेव्हा डाव्या अंगाच्या एका खोलीवरून मतभेद निर्माण झाले. गावातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिला ‘आक्कांची खोली’ म्हणतात. तिला अधिकृतपणे कोणाचे नाव द्यावे, ते पाटीवर कसे लिहावे आणि नाव दिल्यानंतर त्या खोलीचे भाडे किती आकारावे, असे तीन प्रश्न मंडळापुढे होते आणि तिन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली होती. मंडळाच्या दप्तरातील मोडी कागद वाचून देण्याचे काम माझ्याकडे आल्यामुळे हे प्रकरण मला जवळून पाहता आले. संबंधित घराण्यांच्या इच्छेनुसार गाव, संस्था आणि व्यक्ती यांची नावे येथे दिलेली नाहीत. दात्या बाईंचा उल्लेख गावाच्याच सवयीने ‘आक्का’ असा केला आहे.

जागा आणि वाटसरू

हा प्रदेश एके काळी अनेक अंमलांत विभागलेला होता. रायबाग कोल्हापूर संस्थानात होते, भोवताली पटवर्धनांच्या संस्थानांचे तुकडे होते आणि मधूनमधून खालसा, म्हणजे थेट ब्रिटिश अंमलाखालचा मुलूख होता. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर रायबाग बेळगाव जिल्ह्यात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्यामुळे इथल्या कोणत्याही जुन्या वास्तूचा कागद शोधायचा म्हटले की काही कोल्हापूरच्या दप्तरात, काही बेळगावात आणि उरलेला कोणाच्या तरी घरच्या रुमालात, म्हणजे कापडात बांधून ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात सापडतो. या धर्मशाळेचा मुख्य कागद असाच एका विश्वस्त घराण्याच्या रुमालात निघाला.

धर्मशाळा नेमकी याच रस्त्यावर का बांधली गेली, हे त्या काळच्या वाटसरूंकडे पाहिले की कळते. चिंचलीच्या मायाक्का देवीची माघातील यात्रा या तालुक्यातील सर्वांत मोठी, आणि तिला सांगली, कोल्हापूर, सोलापूर या बाजूंनी बैलगाड्यांची रीघ लागत असे. पंढरीच्या वारीला जाणारे वारकरीही याच कृष्णाकाठाने वर सरकत. माउलींच्या पालखी सोहळ्यातील मानाचे अश्व ज्या अंकलीहून निघतात, ते गाव शेजारच्या चिकोडी तालुक्यातच आहे. या दोन प्रवाहांत तिसरा एक प्रवाह मिसळला, तो आजारी माणसांचा. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय सुरू केले आणि दक्षिण महाराष्ट्राबरोबरच बेळगावच्या उत्तरेकडील तालुक्यांनाही मिरज हे दवाखान्याचे गाव झाले. पुणे-मिरज-बेळगाव मार्गावर मीटरगेज गाड्या धावू लागल्यावर आतल्या खेड्यांतील लोक आदल्या संध्याकाळी गाडी जुंपून स्थानकाजवळ येत, रात्र काढत आणि सकाळच्या गाडीने मिरजेला जात. आजही या भागात ‘मिरजेला नेले’ एवढे म्हटले की आजार साधा नाही, हे ऐकणाऱ्याला समजते.

यात्रेकरू जथ्याने येत, वारकरी दिंडीने चालत. दवाखान्याला निघालेली बाई मात्र अनेकदा एखाद्या म्हाताऱ्या सासूबरोबर किंवा धाकट्या भावाबरोबर येई, आणि उघड्या ओसरीवर पुरुषांच्या रांगेत तिने रात्र कशी काढायची, हा खरा प्रश्न होता. धर्मशाळेतील डाव्या अंगाची खोली या प्रश्नाचे उत्तर म्हणून बांधली गेली, असे तिची रचनाच सांगते. काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांबांची ओसरी, मधला चौक आणि वर मंगलोरी कौले, अशी बाकीची इमारत चारचौघींसारखीच आहे. या एकाच खोलीला मात्र दोन दारे आहेत. पुढचे ओसरीवर उघडते आणि मागचे थेट विहिरीच्या परसात. आतच चुलीची जागा आहे आणि लागून न्हाणी आहे. म्हणजे आत उतरलेल्या बाईला पाणी, विस्तव आणि आडोसा या तिन्ही गोष्टी पुरुषांच्या वाटेत न येता मिळत. बांधकामाचा आराखडा ज्याने काढला त्याला हे कोणी तरी बारकाईने सांगितले असणार, आणि ते सांगणारे माणूस बाईच असणार, याबद्दल मला शंका वाटत नाही.

शिळा आणि दानपत्र

दर्शनी दारावर एक शिळा आहे. बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरांतील तिच्या वरच्या मजकुरात एका पुरुषाचे नाव असून त्याच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीने धर्मशाळा बांधली, एवढेच म्हटले आहे. पत्नीचे नाव नाही. शिळेचा खालचा भाग अनेक थरांच्या ऑइल पेंटखाली दबलेला होता. जीर्णोद्धारात तो रंग हलक्या हाताने काढल्यावर खाली कन्नडमधील एक ओळ दिसली. गावातील कन्नड शाळेच्या शिक्षकांनी ती वाचून दिली. तिच्यात नाव कोणाचेच नाही. वाटेने जाणाऱ्या स्त्रियांसाठी खोली आणि विहीर आहे, अशा अर्थाची सूचना आहे. मराठी मजकूर स्मरणाचा आणि कन्नड ओळ उपयोगाची, अशी ही विभागणी होती. वाटसरू दोन्ही भाषांचे होते, त्यामुळे शिळाही दोन्ही भाषांची झाली. त्यात कोणाला काही विशेष वाटले असेल असे दिसत नाही.

आता मंडळातील काही ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे होते की शिळेवर ज्याचे नाव आहे, त्याचेच नाव खोलीला द्यावे. धर्मशाळा त्याच्या स्मरणार्थ आहे आणि ‘आक्कांची खोली’ हे केवळ लोकांच्या तोंडचे नाव आहे, लेखी आधार नसलेले. हा आक्षेप वाजवी होता आणि त्याचे उत्तर कागदातूनच द्यायला हवे होते.

दानपत्र मोडीत आहे. त्यात आक्कांचे पूर्ण नाव येते आणि जुन्या दस्तांच्या रीतीप्रमाणे त्यापुढे ‘कोम’, म्हणजे ‘ची पत्नी’, असे लिहून पतीचे नाव दिलेले आहे. त्या विधवा होत्या आणि त्यांना मूलबाळ नव्हते. दानाचे दोन भाग आहेत आणि ते कागदात स्पष्टपणे वेगळे केलेले आहेत. पहिला भाग इमारतीचा. धर्मशाळा, खोली आणि विहीर यांचा सगळा खर्च आक्कांनी माहेरहून आणलेले दागिने मोडून केला, असे त्यात नमूद आहे आणि दागिन्यांची यादीही दिलेली आहे. दुसरा भाग जमिनीचा. पतीच्या हिश्श्याच्या जमिनीपैकी एक लहान तुकडा त्यांनी धर्मशाळेच्या चालू खर्चासाठी दिला. त्या जमिनीच्या खंडातून, म्हणजे कसणाऱ्याकडून मिळणाऱ्या भाड्यातून, दिवाबत्तीचे तेल, जळण, विहिरीचा दोर आणि पोहरा यांची सोय करावी, बाळंतपणासाठी किंवा औषधपाण्यासाठी निघालेल्या, तसेच एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला खोलीत तीन रात्रीपर्यंत विनामूल्य उतरू द्यावे आणि तिची जात विचारून तिला परत पाठवू नये, अशा अटी आहेत. शेवटी भाऊबंदांनी आपली हरकत नसल्याचे लिहून साक्षी घातल्या आहेत.

साक्षींचा हा तपशील आणि शिळेवरील पतीचे नाव यांचा अर्थ समजण्यासाठी त्या काळच्या हिंदू विधवेचे मालमत्तेवरील अधिकार लक्षात घ्यावे लागतात. माहेरहून आणलेल्या दागिन्यांसारख्या स्त्रीधनावर तिची पूर्ण मालकी असे. ते तिने कोणालाही द्यावे, त्याला कोणाची संमती लागत नसे. पतीकडून वारशाने आलेल्या मिळकतीवर मात्र तिला फक्त मर्यादित हक्क होता. तिच्या हयातीत उपभोग तिचा, पण तिच्या पश्चात ती मिळकत पतीच्या वारसांकडे, म्हणजे भाऊबंदांकडे जायची. त्यामुळे कायदेशीर गरज किंवा पतीच्या पारलौकिक कल्याणासाठी केलेले धर्मकृत्य, अशा मोजक्या कारणांसाठीच ती अशी मिळकत देऊ शकत असे, आणि धर्मकृत्यासाठी दिलेला भागही एकूण मिळकतीच्या मानाने थोडाच असावा लागे. या मर्यादेबाहेर गेलेल्या दानाला भाऊबंद आव्हान देऊ शकत. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा मिळाला तरी तो मर्यादितच राहिला. पूर्ण मालकी आली ती १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने. आक्कांचे दान या दोन्ही कायद्यांच्या कितीतरी आधीचे आहे.

या पार्श्वभूमीवर दानपत्र पाहिले की त्यातील शहाणपण लक्षात येते. जमिनीचा तुकडा लहान ठेवला आहे, दान पतीच्या स्मरणार्थ असल्याचे म्हटले आहे, भाऊबंदांच्या साक्षी घेतल्या आहेत आणि शिळेवर पतीचे नाव कोरले आहे. या प्रत्येक गोष्टीने जमिनीचे दान पुढच्या भांडणापासून सुरक्षित झाले. पतीवरील प्रेम किंवा त्या काळचा संकोच यांचा त्यात वाटा नसेलच, असे मी म्हणणार नाही, कारण माणसाच्या मनातील हेतू वेगवेगळ्या रकान्यांत मांडता येत नाहीत. परंतु शिळेवर नाव नाही म्हणून आक्कांनी काही दिलेच नाही, किंवा त्यांना स्वतःची ओळख नको होती, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही. ज्या खोलीबद्दल वाद होता ती तर पूर्णपणे त्यांच्या स्त्रीधनातून उभी राहिली होती. मी मंडळाला दिलेल्या टिपणाचा मुख्य मुद्दा हाच होता आणि ज्येष्ठ सदस्यांनी तो मोकळेपणाने मान्य केला. धर्मशाळेवर पतीचे नाव आहे तसेच राहील आणि खोली आक्कांच्या नावाने राहील, हे त्याच बैठकीत ठरले.

अट कशी विसरली गेली

नावाचा प्रश्न इतक्या सहज सुटला, पण भाड्याचा सुटला नाही. त्यासाठी अटीचे पुढे काय झाले, हे शोधावे लागले.

मुंबई राज्याचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या भागाला लागू होता आणि धर्मशाळेची नोंद त्याखाली झाली. नोंदवहीत उद्देशाच्या रकान्यात यात्रेकरूंची सोय एवढाच मोघम मजकूर आला. स्त्रियांसाठीची राखीव खोली, तीन रात्री, विनामूल्य, जात न विचारणे, यांतले काहीच त्यात आले नाही. नोंद करणाऱ्याने मोडी दानपत्र पूर्ण वाचले नसावे, किंवा एवढ्या तपशिलाची गरज नाही असे त्याला वाटले असावे. पुढच्या विश्वस्तांच्या हाती तो उताराच राहिला, कारण मोडी वाचणारी पिढी संपत आली होती. इमारतीच्या जन्माचा कागद रुमालात आणि तिची कामापुरती ओळख एका ओळीत, अशी स्थिती या भागातील किती तरी धर्मशाळांची असेल. मोडी वाचणारी माणसे तालुक्यातालुक्यांत पुन्हा तयार झाली पाहिजेत, असे मला कळकळीने वाटते, ते अशाच कागदांमुळे.

अट विसरण्याचे दुसरे कारण जमीन. कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यातील दुरुस्तीनुसार कुळांकडे असलेल्या जमिनी १ मार्च १९७४ पासून शासनाकडे निहित झाल्या आणि कसणाऱ्यांना मिळाल्या. त्यात आक्कांनी दिलेला तुकडाही गेला. तो कसणाऱ्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला होता आणि त्यांना तो मिळाला हे न्याय्यच झाले. परंतु खंड थांबला तेव्हा तेल, जळण आणि दोर यांचा खर्चही थांबला, आणि खर्च नाही म्हणून सेवा नाही, या ओघात खोलीला कुलूप लागले. पुढे तिथे मंडपाच्या कनाती, सतरंज्या आणि मोठी भांडी ठेवली जाऊ लागली. तरीही नाव टिकले. गावातील वयोवृद्ध स्त्रियांशी बोलल्यावर असे कळले की आपले बाळंतपण किंवा सासूचे मिरजेचे ऑपरेशन यांच्या आठवणीत या खोलीतील रात्र येते, अशा बाया एक-दोन नव्हे, बऱ्याच आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही दानपत्राची माहिती नव्हती. ‘आक्कांच्या खोलीत बाईमाणसाला पैसे पडत नाहीत’ हे मात्र सर्वांना ठाऊक होते. अट कागदावरून पुसली गेली होती, पण तोंडी परंपरेत जवळजवळ शब्दशः शिल्लक होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला मोठा पूर आला, तेव्हा उंचवट्यावरील ही धर्मशाळा नदीकाठच्या कुटुंबांना आसरा म्हणून उघडण्यात आली. लहान मुले असलेल्या बायका कोणीही न सांगता आक्कांच्या खोलीत गेल्या. त्याच दिवसांत छताची गळती आणि भिंतींची ओल सर्वांच्या डोळ्यांपुढे आली आणि जीर्णोद्धाराचा विषय निघाला.

योजनेतील अडचण

जीर्णोद्धाराला पैसा हवा होता. मंडळाच्या योजनेनुसार खोल्या नीट करून त्या प्रवाशांना भाड्याने द्यायच्या आणि त्या उत्पन्नातून इमारत सांभाळायची. ही योजना मला योग्यच वाटते. देणगीवर चालणाऱ्या जुन्या वास्तू एका पिढीनंतर पडतात, आणि पडलेल्या धर्मशाळेत कोणालाच उतरता येत नाही. अडचण पुढच्या पायरीवर आली. आक्कांची खोली सर्वांत देखणी. दोन दारे, परसातील विहीर, जुनी चूल, शिवाय मागे एका दानशूर बाईची कथा. म्हणून तिचे दर सर्वांत जास्त ठेवावेत, तिला त्यांचे नाव ठळकपणे द्यावे आणि त्यांची कथा आत लावावी, असा प्रस्ताव आला. मांडणाऱ्यांचा हेतू आक्कांचा गौरव करण्याचाच होता. परिणाम मात्र असा झाला असता की ज्या बाईसाठी खोली बांधली, तिलाच ती परवडली नसती, आणि तेही बांधणारीच्या नावाखाली.

दुसरी अडचण एका नव्या देणगीदाराची होती. याच गावातून बाहेर पडून स्थायिक झालेले हे गृहस्थ जीर्णोद्धाराचा मोठा भार उचलण्यास तयार होते आणि आपल्या आईचे नाव या खोलीला द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या आईचा जन्म या खोलीतच झाला होता, असे त्यांच्या घरात सांगत. त्यांची भावना खरी होती आणि तिला सरळ नकार देणे कोणालाच जड गेले असते. मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना दानपत्राचे मी केलेले लिप्यंतर पाठवले. ते वाचून त्यांनी स्वतःच कळवले की ज्या बाईच्या अटीमुळे आपल्या आजीला येथे आसरा मिळाला, तिच्या नावावर आपल्या आईचे नाव येणे आईलाही आवडले नसते. त्यांच्या मातोश्रींचे नाव आता नव्या भोजनगृहाला आहे. या प्रकरणात एका माणसाच्या समजूतदारपणाने जेवढे साधले, तेवढे कोणत्याही ठरावाने साधले नसते.

कायद्याच्या बाजूने मंडळाला जो सल्ला मिळाला तो थोडक्यात असा होता. नोंदवहीतील उतारा मूळ दानपत्राची जागा घेत नाही. सार्वजनिक विश्वस्त निधीचा मूळ उद्देश विश्वस्तांना आपल्या ठरावाने बदलता येत नाही. तो पाळणे अशक्य झाले असेल, तर न्यायालयाच्या परवानगीने मूळ हेतूच्या जवळात जवळ असलेल्या कामासाठी निधी वापरता येतो. इथे मात्र उद्देश अशक्य झालेला नव्हता. जमीन गेली होती, खोली होती आणि खोलीची गरज असलेल्या बाया होत्या.

आजची ‘वाटेवरची बाई’

शेवटच्या विधानावर बैठकीत सर्वांत जास्त चर्चा झाली. काही सदस्यांचे म्हणणे असे की आता प्रत्येकाकडे दुचाकी आहे, रुग्णवाहिका आहे, आतल्या गावांतून मिरज दीड-दोन तासांवर आले आहे, मग रात्र काढायला कोण येणार? यात तथ्य आहे. दवाखान्याच्या वाटेवरील मुक्काम आता फारच कमी झाले आहेत.

परंतु ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की वेगळेच चित्र दिसते. उगारपासून रायबागपर्यंतचा हा पट्टा साखर कारखान्यांचा आहे, आणि दिवाळीच्या आगेमागे तोडणीच्या टोळ्या मराठवाड्यातून आणि विजयपूर भागातून येतात. टोळीत गरोदर बाया असतात, ओल्या बाळंतिणी असतात. त्यांचा संसार उसाच्या फडाशेजारच्या पालात असतो आणि पहाटेच्या थंडीत तोडणीला जावेच लागते. दानपत्रात बाळंतपणासाठी निघालेली बाई, औषधपाण्यासाठी निघालेली बाई आणि एकटी बाई अशा तिघी आहेत. ऊसतोड करणारी बाळंतीण त्यांपैकी पहिल्या दोघींत बसते आणि ती घरापासून दूर, वाटेवरच आहे. आक्कांच्या अटीची आजची हक्कदार कोण, असे मला कोणी विचारले तर मी आधी तिच्याकडे बोट दाखवेन. या मुद्द्यावर गावातील आशा कार्यकर्तीला बैठकीस बोलावण्यात आले आणि तिने टोळ्यांमधील बाळंतिणींची स्थिती सांगितल्यावर मंडळातील हवा बदलली. जात विचारू नये ही अट तर इथे विशेष महत्त्वाची, कारण टोळीतल्या माणसांना गावात जागा देताना हा प्रश्न आजही आडून विचारला जातो.

ठराव

मंडळाने जे ठरवले ते असे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम आणि मायाक्काची यात्रा हे दोन्ही ज्यात येतात तो काळ, खोली फक्त दानपत्रातील अटीप्रमाणे स्त्रियांसाठी विनामूल्य राहील. दवाखान्याची चिठ्ठी किंवा आशा कार्यकर्तीचा शब्द पुरेसा मानला जाईल. तीन रात्रींची मर्यादा बाळंतिणीच्या बाबतीत वाढवता येईल. इतर महिन्यांत खोली भाड्याने देता येईल, मात्र साध्या खोलीच्याच दराने. आणि त्या काळात अटीत बसणारी बाई आली व खोली भरलेली असली, तर धर्मशाळेतील दुसरी कोणतीही खोली तिला विनामूल्य द्यावी लागेल.

खोली वर्षभर भाड्याबाहेर ठेवावी, असे माझे मत होते आणि अजूनही आहे. पण या शेवटच्या अटीचे मोल मी कमी मानत नाही, कारण तिच्यामुळे आक्कांचे बंधन एका खोलीपुरते न राहता संपूर्ण वास्तूवर आले. खोलीच्या भाड्याचे जे उत्पन्न येईल ते खतावणीत ‘आक्का खाते’ म्हणून वेगळे दाखवायचे आणि त्यातून गरम पाणी, दिवा, अंथरूण-पांघरूण आणि बाळंतिणीचा खुराक यांचा खर्च करायचा, हेही ठरले. गेलेल्या जमिनीच्या खंडाची जागा या खात्याने घ्यावी, असा त्यामागचा विचार आहे.

पाटी

पाटीच्या मजकुरावर बराच वेळ गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. स्त्रीच्या नावाने सार्वजनिक काम ओळखले जावे, याची उदाहरणे या भागाला नवी नाहीत. कित्तूरजवळच्या देगावे येथील बाराव्या शतकातील कमलनारायण मंदिर कदंब राणी कमलादेवीने बांधले आणि देवाच्याच नावात तिचे नाव राहिले. कोल्हापूर संस्थानात राधानगरी हे नाव शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई आक्कासाहेब यांच्यावरून आले. पण या राजघराण्यातील स्त्रिया होत्या. गावातील एका विधवेचे नाव टिकवायचे तर ते लोकांच्या जिभेवर राहील अशाच रूपात लिहायला हवे. बेळगावात राणी पार्वतीदेवी यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि शहरातील माणसे त्याला आणि त्याच्या चौकालाही ‘आरपीडी’ म्हणतात. पदव्यांसह लांब नाव लिहिले तर तीच गत होईल, हे एका तरुण सदस्याने दाखवून दिले. म्हणून पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘आक्कांची खोली’ आणि त्याखाली त्यांचे पूर्ण नाव आहे. ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) हे विधवेच्या नावामागे लावले जाणारे उपपद लावावे की नाही यावर दोन मते होती. दानपत्रात ते नाही, म्हणून पाटीवरही नाही. नावाखाली, खोली त्यांनी स्वतःच्या दागिन्यांतून बांधली आणि ती कोणासाठी बांधली, हे दोन वाक्यांत दिले आहे. अट पाटीवरच असल्यामुळे खोलीत उतरणारी कोणतीही बाई ती वाचू शकते आणि तिच्या आधारे मागणीही करू शकते.

शिळा दोन भाषांची होती, तशी पाटीही मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत आहे. दर्शनी बाजूचा यात्री निवासाचा फलक ही वेगळी बाब आहे. व्यावसायिक फलकावर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा, असे कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीने ठरवले आहे आणि मंडळाने फलक त्याप्रमाणेच केला. सीमाभागात अशा गोष्टींवरून किती लवकर तापते हे सर्वांना माहीत होते. शिळेवरची कन्नड ओळ रंगाखालून बाहेर आलेली सर्वांनी पाहिली होती, त्यामुळे या बैठकीत तसे काही झाले नाही.

आक्कांचे छायाचित्र उपलब्ध नाही. नऊवारीतील एखाद्या बाईचे चित्र काढून घेऊन ते लावावे, अशी सूचना आली होती. मी तिला विरोध केला. ज्या चेहऱ्याबद्दल काहीच ठाऊक नाही तो कल्पनेने रंगवून त्याला त्यांचे नाव देणे, हे त्यांच्याबद्दल खोटे बोलणे झाले असते. त्याऐवजी दानपत्राच्या शेवटच्या पानाची प्रत चौकटीत लावली आहे. आक्कांना लिहिता येत नव्हते. जुन्या कागदांत स्त्रियांची निशाणी म्हणून बांगडीचे वर्तुळ काढलेले दिसते, तसे वर्तुळ त्यांच्या नावापुढे आहे. त्यांच्या हातचे म्हणून आपल्याजवळ आहे ते एवढेच.

काही कामे अजून बाकी आहेत. मूळ दानपत्राची एक प्रमाणित प्रत कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आणि एक बेळगावात ठेवण्याचे ठरले आहे. ते होईपर्यंत कागद पुन्हा त्याच रुमालात आहे. खोलीच्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा झालेला आहे. तो काढून चुन्याचा करायला हवा, कारण सिमेंटमुळे दगडातील ओल आतच कोंडते आणि बाळंतिणीच्या खोलीत ओल चालणार नाही. ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना खोलीची माहिती देण्याचे काम आशा कार्यकर्ती आणि मंडळाचे दोन सदस्य करणार आहेत, आणि ते हंगाम सुरू होण्यापूर्वीच व्हायला हवे. आक्का खात्याचा पहिला हिशोब वार्षिक सभेत मांडला जाईल, आणि किती बाया उतरल्या याची नोंद त्यात त्यांची नावे न देता दिली जाईल.